काटकसर केली, मग पैसे गेले कुठे? – तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी घरखर्च कमी करून अंगावरचं कर्ज कसं फेडायचं यावर प्रश्न मागवले होते, आणि खरं सांगते, इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नावं कुणाचीच देत नाहीये, एकांनी तर "नाव छापलंत तर माझं घरी काही खरं नाही" असं लिहिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी काही सीए वगैरे नाही, स्वतः साडेतीन वर्षं कर्ज फेडत बसलेली बाई आहे, त्यामुळे सल्ला माझ्या चुकांसकट मिळेल.

प्रश्न : ताई, सहा महिने आम्ही दोघं हात आखडून जगतोय. बाहेर खाणं बंद, नवे कपडे बंद, फिरणं बंद. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र जवळजवळ होती तिथेच आहे. बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम आम्ही न चुकता भरतो. मग वाचलेले पैसे जातात कुठे?

उत्तर : कुठे जात नाहीत, तुमच्या खात्यातच राहतात, आणि खात्यात राहिलेल्या पैशाला पाय फुटतात. तुम्ही शनिवारी बाहेर जेवायला गेला नाहीत, छान, पण ते वाचलेले पैसे शनिवारीच कार्डावर भरलेत का? नाही ना. मग बुधवारी कुणाचं तरी लग्न निघालं, गाडीचं काहीतरी निघालं, आणि "खात्यात आहेत की" म्हणून ते तिकडे गेले. काटकसर झाली, त्रासही झाला, कर्जाला मात्र त्याची खबरच नाही.

आता ती कमीत कमी रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू, त्याचं गणित एकदा कागदावर मांडू, कारण माझे डोळे तिथेच उघडले होते. समजा थकबाकी एक लाख, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ड्यू ५ टक्के (तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील, बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात). पहिल्या महिन्यात तुम्ही ५,००० भरले, त्यातले ३,००० व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त २,०००. पुढच्या महिन्यात थकबाकी ९८,००० म्हणून मिनिमम ४,९०० येतो, आपल्याला वाटतं वा, हप्ता कमी झाला, आणि खरी मेख तिथेच आहे. थकबाकी उतरते तसा मिनिमम ड्यू उतरतो आणि फेड रेंगाळत जाते. नवीन काहीही न घेता असं ३१ महिने भरत राहिलात तरी शेवटी ५३ हजारांच्या वर थकबाकी शिल्लक राहते. आणि तेच जर दर महिन्याला ५,००० चा आकडा धरून ठेवला, बिलावर काहीही लिहिलेलं असो, तर बरोबर ३१ महिन्यांत कर्ज शून्य. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे भरलेली रक्कम एकच आहे बरं का, फरक फक्त नंतर हप्ता कमी होऊ दिला की नाही एवढाच.

आता तुमची काटकसर यात घाला. महिन्याला ३,००० वाचले आणि खरंच कार्डावर गेले, म्हणजे ५,००० ऐवजी ८,००० भरले, तर ३१ ऐवजी १६ महिन्यांत मोकळे. व्याज ५५ हजारांच्या जागी साधारण २७ हजार.

त्यामुळे माझा हट्ट एकच, वाचले की त्याच दिवशी भरा. रक्कम कितीही फुटकळ असू दे. महिनाअखेरीला "उरेल ते भरू" म्हणालात तर उरत नाही, माझं तरी कधी उरलं नाही. मी फ्रीजच्या दारावर एक कागद लावला होता, डावीकडे "नाही केलं" आणि उजवीकडे "भरले". रिक्षा नाही केली, चालत आले, इतके. भरले, इतके. उजवा रकाना रिकामा असेल तर डाव्या रकान्याला काही अर्थ नाही असा घरात नियम होता, आणि आमचे चिरंजीव तो माझ्यावरच लावायचे.

आणखी एक, हे माझ्या बाबतीत घडलंय म्हणून कळकळीनं सांगते. माझं एक पर्सनल लोन होतं, त्यात मी पाच महिने हप्त्याशिवाय वरचे पैसे भरत होते आणि मनात खूश होते. सहाव्या महिन्यात स्टेटमेंट काढलं तर मुद्दल हललंच नव्हतं, माझे जादाचे पैसे "आगाऊ हप्ता" म्हणून नुसते बाजूला पडून होते, व्याज जुन्याच मुद्दलावर चालू. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तुम्ही तसं लिहून दिलं नव्हतं मॅडम. तेव्हा वरचे पैसे भरताना "ही रक्कम मुद्दलातून वजा करा" असं लेखी द्या, पुढच्या स्टेटमेंटमध्ये ते झालंय का बघा, आणि मुदतीआधी फेडायला दंड लागतो का हेही आधीच विचारून घ्या.

शिवाय कार्डावर थकबाकी आहे तोवर त्या कार्डानं नवीन खरेदी करू नका. एरवी मिळणारे बिनव्याजी दिवस थकबाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर मिळत नाहीत, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

प्रश्न : माझ्यावर चार कर्जं आहेत. कार्ड, पर्सनल लोन, फोनचे हप्ते आणि नणंदेकडून घेतलेले उसने. कुठलं आधी फेडू? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : वेगळं सांगतात कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गणित म्हणतं ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी, बाकीच्यांचे फक्त ठरलेले हप्ते. मन म्हणतं सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा, एक नाव यादीतून खोडलं की हुरूप येतो. मी स्वतः आधी लहान फोनचं संपवलं आणि मग कार्डाच्या मागे लागले, गणितात थोडी हरले असेन, पण तो हप्ता गेल्यावर जो दम आला त्याला तोड नव्हती. तुमच्या फोनचे दोनतीनच हप्ते उरले असतील तर तसंच करा, जास्त असतील तर सरळ कार्ड. आणि जो हप्ता संपेल तो घरात येऊ देऊ नका, तोच्या तो पुढच्या कर्जाला जोडा.

व्याज बघताना एक फसगत सांभाळा. "फक्त १० टक्के फ्लॅट" असं जे सांगतात त्यात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावलेलं असतं, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. तीन वर्षांच्या कर्जाला १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या (फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) हिशेबानं जवळजवळ १८ टक्के पडतात. चारही कर्जं एकाच मापानं मोजा, नाहीतर महाग कर्ज स्वस्त वाटून मागे राहतं.

नणंदेचं म्हणाल तर व्याज नाही म्हणून ते शेवटी ढकलायचा मोह होतो. ढकला हवं तर, पण त्यांना सांगून. "ताई, कार्डाचं अमुक महिन्यात संपतंय, त्यानंतर तुमचे दर महिन्याला इतके" असं एकदा बसून बोला, आणि मधल्या काळात अगदी थोडे का होईना देत राहा. न सांगता थांबलात तर पुढच्या कार्यक्रमात तुमची नवी साडी पहिली कोणाला दिसेल ते मी सांगायला नको.

प्रश्न : आमचे अहो दिवसभर घरातले दिवे बंद करत फिरतात. मी खोलीतून उठले की पाठीमागे अंधार! कर्ज फिटेपर्यंत असंच चालणार म्हणतात. यानं खरंच काही वाचतं का?

उत्तर : वाचतं, पण त्यांच्या फेऱ्यांच्या मानानं फार थोडं. एक युनिट वीज म्हणजे १,००० वॉटचं उपकरण एक तास. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १११ तास घेतो. २,००० वॉटचा पाणी तापवायचा हीटर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. हीटर वीस मिनिटं जादा चालला की अहोंनी आठवडाभर रोज दहा तास तो दिवा बंद ठेवून जे वाचवलं ते सगळं गेलं, वर थोडं जास्तच. जे गरम करतं किंवा गार करतं, ते वीज खातं, बाकीची मंडळी किरकोळ. तेव्हा अहोंना हीटर, एसी, इस्त्री आणि फ्रीजच्या दाराच्या रबराची ड्यूटी द्या (कागदाचा तुकडा दारात धरून ओढा, सहज निघाला तर रबर सैल झालंय). दिव्यांवरून भांडण नको. हां, घरात अजून जुने ६० वॉटचे पिवळे बल्ब असतील तर मात्र अहो बरोबर आहेत, पण मग बंद काय करताय, बदला.

प्रश्न : किराणा आणि ऑनलाइन खरेदी काही केल्या आटोक्यात येत नाही. यादी करून जाते तरी बिल दुप्पट.

उत्तर : यादी करायच्या आधी कपाट उघडता का? मी एका रविवारी उघडलं तर कपडे धुण्याच्या पावडरीची तीन फोडलेली पाकिटं निघाली, प्रत्येकात मूठमूठ, आणि यादीत पहिलं नाव काय तर पावडर. आधी घरातल्या दुकानातून खरेदी करायची, मग बाहेरच्या. पाकिटावरची किंमत बघू नका, १०० ग्रॅमला काय पडतं ते बघा, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. दोनावर एक फुकट म्हणजे ३३ टक्के सूट, पण तिन्ही लागणार असतील तरच, एरवी तुम्ही एकाच्या जागी दोनाचे पैसे देऊन आलात.

ऑनलाइनचं म्हणाल तर सगळ्यात मोठी गळती "इतक्याची खरेदी केली तर डिलिव्हरी फ्री" या ओळीत आहे. डिलिव्हरीचे थोडे वाचवायला आपण त्याच्या चौपट काहीतरी टोपलीत टाकतो आणि वर स्वतःला हुशार समजतो. ॲपमधून कार्डाचा सेव्ह केलेला नंबर काढून टाका, दर वेळी उठून पर्स आणून सोळा आकडे टाकायला लागले की निम्म्या वस्तू आपोआप नको होतात. यामागे अभ्यासही आहे. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती, काहींना रोख द्यायचे होते आणि काहींना क्रेडिट कार्डानं, तर कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. म्हणून आठवड्याच्या खर्चाचे पैसे पाकिटात रोख घालून ठेवायची जुनी पद्धत अजूनही चालते. पाकीट पातळ होताना हाताला कळतं.

दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी मात्र एका बैठकीत निपटा. तीन महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि कुठलीही एन्ट्री ओळखता आली नाही तर तिच्यावर गोल करा. माझ्याकडे एका व्यायामाच्या ॲपचे पैसे चौदा महिने जात होते, व्यायाम किती झाला ते विचारू नका.

प्रश्न : मी आठवड्याचं बजेट करतो, आठवड्यात बरोबर बसवतो, तरी महिन्याच्या शेवटी कमी पडतातच. हिशेब दहा वेळा तपासला.

उत्तर : दादा, तुम्ही आठवड्याला चारनं गुणताय. वर्षात आठवडे ५२, बारानं भागा, महिन्याला ४.३३ येतात. चारनं गुणलं की वर्षात ४८ च आठवडे धरले, उरलेले चार, म्हणजे जवळजवळ एक अख्खा महिना, तुम्ही बजेटशिवाय जेवताय. तो खड्डा कार्डानं भरला जातो.

दुसरा खड्डा वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीचं सर्व्हिसिंग, सण. ह्यांना आपण "अचानक आलेला खर्च" म्हणतो, अचानक कसला, गेल्या वर्षीही त्याच महिन्यात आला होता. सगळ्यांची बेरीज करा, बारानं भागा, तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. हे केल्याशिवाय कर्जाचे हप्ते वाढवू नका, नाहीतर एका हातानं फेडाल आणि फी भरायला दुसऱ्या हातानं पुन्हा घ्याल.

प्रश्न : मॅडम, माझ्यावर कार्डाचं कर्ज आहे हे बायकोला माहीत नाही. दोन वर्षं झाली. ती बिचारी घरखर्चात पै पै वाचवते आणि मी तिला सांगतो की आपण सेव्हिंग करतोय. सगळं फेडूनच सांगावं असं वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर : हे पत्र मी तीन वेळा वाचलं. नाही, बरोबर नाही. आणि नीतीचं सोडा, नुसत्या व्यवहारानं बघा. घरखर्च त्यांच्या हातात आहे, म्हणजे कर्ज फेडायची निम्मी सूत्रं त्यांच्या हातात आहेत आणि त्यांनाच ते ठाऊक नाही. त्या वाचवतायत ते बचत म्हणून, त्यामुळे उद्या त्या म्हणणार की एवढे साठले, मुलांना कुठेतरी फिरवून आणू. तुम्ही काय उत्तर देणार? आणखी एक खोटं. शिवाय लपवायचं म्हणून तुम्ही मिनिमम ड्यूच भरत असणार, मोठी रक्कम गेली तर खात्यात दिसेल ना.

सांगताना आकडा पूर्ण सांगा. आधी थोडा सांगून मग "तसं अजून एक आहे" असं करू नका, पहिल्या आकड्याचा राग उतरतो, दुसऱ्याचा उतरत नाही. हातात बिलं, व्याजाचा दर आणि वर मांडलंय तसं एक साधं गणित घेऊन बसा, किती महिन्यांत संपू शकतं ते दाखवा. कार्ड त्यांच्यासमोर कात्रीनं कापायची नाटकं नकोत, लिमिट कमी करून घ्या. त्या चिडतील, एकदोन दिवस बोलणार नाहीत. मग बहुतेक त्याच पेन घेऊन बसतील, कारण जी बाई पै पै वाचवते तिला आकडे येतात.

आणि सांगून झालं की मला लिहा.

प्रश्न : तुमचे सगळे उपाय वाचते, पण ज्यांच्याकडे कापायलाच काही नाही त्यांनी काय करायचं? आमच्याकडे हॉटेल नाही, ऑनलाइन नाही, एसी नाही. पगार येतो, भाडं, किराणा, औषधं आणि हप्ता, संपला.

उत्तर : तुमचं म्हणणं रास्त आहे, काटकसरीचे सल्ले देणाऱ्यांचं (मीही आलेच) या जागी तोंड बंद व्हायला हवं. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा हिस्सा जेवणावर जातो. म्हणजे अशा घरात "खर्च कमी करा" याचा अर्थ ताटातलं कमी करा असा होतो. ते करू नका. औषधं बंद करू नका. आजारपण कुठल्याही व्याजापेक्षा महाग पडतं.

तुमचं कापायचं ठिकाण खर्च नाही, हप्ता आहे. हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जा, चुकल्यावर नाही, कारण आधी गेलेल्याचं ऐकून घेतात आणि नंतर गेलेल्याला वसुलीच्या खात्याकडे पाठवतात. मुदत वाढवून हप्ता लहान करता येईल का, दंडाची रक्कम कमी करता येईल का, हे लेखी विचारा, आणि मिळालेलं उत्तरही लेखीच घ्या. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, ते खरंय, पण घर चालू राहतं आणि पुढे चार पैसे जास्त आले की वर भरता येतात. एक हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढणं, विशेषतः फोनवर पाच मिनिटांत मिळणारं, हे मात्र कितीही अडलं तरी नको. जोडीला थोडं उत्पन्न वाढवायचं बघा, मला माहितीय हे लिहायला सोपं आहे.

प्रश्न : बँकेत मुदत ठेव आहे आणि कार्डावर थकबाकीही आहे. ठेव मोडू का?

उत्तर : वरच्या कार्डाच्या उदाहरणातले महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे, चक्रवाढीनं ४२ टक्क्यांच्या वर. एवढं व्याज तुमची ठेव देते का? मग मोडा. एखाद्या महिन्याच्या घरखर्चाएवढे हाताशी ठेवा, दवाखाना निघाला तर पुन्हा कार्डाकडे धावायला नको, बाकीचे भरून टाका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझा शेवटचा हप्ता आहे! त्यानंतर काय करायचं असतं?

उत्तर : आधी अभिनंदन. कर्ज बंद झाल्याचं, काही देणं बाकी नसल्याचं पत्र घ्या, ते मिळेपर्यंत हप्त्याचं ऑटो डेबिट बंद झालंय असं धरून चालू नका, स्वतः बघा. काही गहाण ठेवलं असेल तर ती कागदपत्रं मोजून परत घ्या. महिना दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या सगळ्या कर्जांची नोंद असलेला अहवाल) काढा, त्यात कर्ज "बंद" दिसतंय ना ते पाहा, नसेल तर ते पत्र दाखवून दुरुस्त करून घ्या. मग हप्त्याच्या तारखेला तेवढीच रक्कम तुमच्याच दुसऱ्या खात्यात जाऊ दे, अंगाला सवय आहेच, ती मोडायच्या आत.

पहिल्या महिन्याचे मात्र स्वतःवर उडवा, सगळे. काय घेतलंत ते कळवा.